वेस त्यांची, वेसकरी आपली

गावाच्या वेशीवर काठी टेकून रात्र काढणारा वेसकर कोण असायचा, हे आंबेडकरी तरुणांना वेगळे सांगायला नको. गावात कोण आले, कोण गेले, परका माणूस कोणाकडे उतरला, याची खबर पाटलाला पोचवायची. चोरी झाली तर पहिला जाब त्यालाच. मोबदला म्हणून घरोघर फिरून भाकरी मागायची. आणि ज्या वेशीची राखण केली, तिच्या आत त्याला घर नाही.

हीच व्यवस्था आज देशादेशांमध्ये उभी राहत आहे. वेस श्रीमंत देशांची आणि राखण गरीब देशांनी करायची. साधन ते देणार, तेही फुकट. यादीही त्यांची आणि निकषही त्यांचे. आपण फक्त माणसे चाळायची. या व्यवहाराला ‘दहशतवादविरोधी सहकार्य’ असे गोंडस नाव आहे. आम्ही त्याला वेसकरी म्हणतो. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो: ज्या छाननीबरोबर दाद मागण्याचा हक्क येत नाही, ती छाननी कोणत्याही देशाने देऊ नये आणि भारताने घेऊ नये.

विधेयक काय होते?

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने परदेशांतील प्रवाशांच्या छाननीविषयी एक विधेयक मंजूर केले. मांडणारे होते टेक्सासचे रिपब्लिकन सदस्य विल हर्ड. राजकारणात येण्यापूर्वी ते सीआयएमध्ये होते. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे आणि परराष्ट्र खात्याकडे प्रवासी तपासण्याच्या ज्या प्रणाली आहेत, त्यांच्या आधारे ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवावे आणि ते परदेशी सरकारांना उपलब्ध करून द्यावे, हा या विधेयकाचा गाभा.

ऐकायला किती छान वाटते! ओपन सोर्स म्हणजे खुले, मोफत, सगळ्यांचे. आपल्यातले संगणक शिकलेले तरुण या शब्दावर लगेच भाळतात. पण खुला आहे तो फक्त कोड. त्या कोडमध्ये कोणती यादी घातली जाईल, कोणते निकष लावले जातील, कोणाच्या नावापुढे शेरा पडेल, हे सगळे बंदच राहते. तराजू उघड्यावर ठेवला आणि वजने लपवून ठेवली, तर तो व्यापार सचोटीचा ठरत नाही.

स्वतंत्र कायदा म्हणून हे विधेयक तडीस गेले नाही. पण त्यातली कल्पना थांबली नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण विभागाने ‘ग्लोबल ट्रॅव्हल असेसमेंट सिस्टीम’ नावाचे सॉफ्टवेअर इंटरनेटवर खुले केले. त्याआधीपासून अमेरिकेचे परराष्ट्र खाते ‘पायसेस’ नावाची प्रणाली पाकिस्तान, येमेन, केनिया, टांझानिया अशा देशांच्या विमानतळांवर आणि सीमांवर बसवत आलेच होते. मग २१ डिसेंबर २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २३९६ क्रमांकाचा ठराव केला आणि प्रवाशांची माहिती गोळा करणे, बायोमेट्रिक प्रणाली उभारणे, संशयितांच्या याद्या बनवणे हे सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक केले. सुरक्षा परिषदेत देश पंधरा. त्या वेळी भारत त्यांत नव्हता. पुढे नेदरलँड्सने आपली प्रणाली संयुक्त राष्ट्रांना दिली आणि तिच्यातून ‘गो-ट्रॅव्हल’ हे सॉफ्टवेअर आले. तेही देशांना वाटायला.

म्हणजे जे एका देशाच्या संसदेत पूर्ण होऊ शकले नाही, ते पंधरा देशांच्या एका बैठकीत जगावर लादले गेले. आपल्या देशात किती लोकांना याची खबर लागली? कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात हा विषय आला?

यंत्र नेमके काय करते?

विमानाचे तिकीट काढले की एक नोंद तयार होते. नाव, फोन, ईमेल, पैसे कसे भरले, कोणत्या एजंटकडून तिकीट घेतले, बरोबर कोण आहे, आसन कोणते, सामान किती. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला पीएनआर म्हणतात. अमेरिकेची ‘ऑटोमेटेड टार्गेटिंग सिस्टीम’ ही नोंद घेते आणि दोन कामे करते. पहिले काम, यादीतल्या नावाशी नाव जुळवून पाहणे. दुसरे काम, ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही त्याच्या प्रवासाच्या सवयी पाहून तो धोक्याचा आहे का, याचा अंदाज बांधणे.

ही प्रणाली मुळात मालाच्या पेट्या तपासण्यासाठी होती. नंतर माणसांना लावली. माणसांचे असे मूल्यमापन होते, हे अमेरिकी जनतेला नीट कळले ते नोव्हेंबर २००६ मध्ये, सरकारी राजपत्रातल्या एका सूचनेवरून. तेव्हा ही माहिती चाळीस वर्षे ठेवण्याची तरतूद होती. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ती मुदत पंधरा वर्षांवर आली. जिथे वर्तमानपत्रे जागी आहेत, न्यायालये ऐकून घेतात, त्या देशात एवढे झाले. हेच यंत्र जिथे ओरडणाऱ्यालाच उचलतात अशा देशात गेले, तर काय होईल?

आमचा आक्षेप मुख्यतः दुसऱ्या कामावर आहे. गुन्हा केलेला नाही, आरोप नाही, एफआयआर नाही; तरी यंत्र म्हणते की हा माणूस धोकादायक वाटतो. गुन्ह्याआधीच गुन्हेगार. ही कल्पना अमेरिकेत जन्मली, असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपलाच इतिहास वाचावा.

जन्माने गुन्हेगार

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विशिष्ट जमातीत जन्म झाला म्हणजे तो गुन्हेगारच. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय गाव सोडायचे नाही. १९११ च्या कायद्याने या नोंदीबरोबर बोटांचे ठसेही घेता येऊ लागले. सोलापूरसारख्या ठिकाणी या लोकांना तारेच्या कुंपणात वसवले. पारधी, कैकाडी, भामटा ही नुसती नावे पोलिसांच्या वहीत पुरावा ठरायची. आजच्या भाषेत बोलायचे तर ही आपल्या देशातली पहिली प्रवासी छाननी यंत्रणा. फरक इतकाच की तेव्हा वही होती, आता सर्व्हर आहे.

ठशांचीच गोष्ट घ्या. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. १९०१ मध्ये ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डला गेली. साम्राज्याने पाळत ठेवण्याचे साधन आधी गुलामांवर पारखून घेतले आणि मग जगभर वापरले. हे साधन प्रवासाला निघाले तेव्हा त्याच्याबरोबर कोणाचेही हक्क निघाले नाहीत. आज उलट्या दिशेने तेच घडत आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झालेल्या जमातींना कागदावर स्वातंत्र्य मिळाले. लगेच मागून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. सुकन्या शांता खटल्यात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीच्या तरतुदी रद्द कराव्या लागल्या आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवर कोरडे ओढावे लागले. कायदा मेला तरी शेरा बहात्तर वर्षे जिवंत राहिला. एकदा वहीत चढलेला शेरा खोडायला किती पिढ्या लागतात, हे आमच्याइतके कोणाला माहीत आहे?

जातीचा रकाना नाही, मग काळजी कसली?

काही मित्र म्हणतात, विमानाच्या तिकिटावर जात नसते. यंत्राला जात कळत नाही. उलट माणसापेक्षा यंत्र बरे. हा भाबडेपणा आहे. शाळेच्या दाखल्यावरून जात काढून टाकली तर मास्तरांना ती कळायची थांबते का? आडनाव आहे, गाव आहे, आणि आता तर समाजमाध्यमांवरचा निळा झेंडा आहे.

आडनाव जाऊ द्या. यंत्राच्या सवयी पाहा. रोख पैसे भरणे, तिकीट ऐनवेळी काढणे, प्रवास एकेरी असणे या खुणा तपास यंत्रणा पूर्वापार संशयाच्या मानत आल्या आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या सोकोलो खटल्यात रोखीने घेतलेली तिकिटे आणि तशाच काही खुणा एकत्र धरून विमानतळावर माणसाला अडवणे वैध ठरवले होते. आता सांगा, रोखीने, एजंटमार्फत, ऐनवेळी, एकेरी तिकिटावर कोण प्रवास करतो? आखातात गवंडीकामाला, सफाईकामाला, ड्रायव्हर म्हणून जाणारा आमचा माणूस. त्याचे तिकीट एजंट काढतो. एकाच बुकिंगमध्ये दहा जण असतात. परतीची तारीख मालकाच्या हातात असते. त्याची गरिबीच यंत्राला संशयाची खूण वाटणार. रकान्यात जात लिहिलेली नसेल, पण उत्तर तेच येईल.

आपल्या सरकारनेही हे करून पाहिले आहे. दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या ठिकाणी नोकरीला जायचे तर परवानगी लागते, असा शिक्का त्याच्या पासपोर्टवर असतो. जानेवारी २०१८ मध्ये या लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचा घाट घातला गेला. शिकलेल्यांचा निळा, न शिकलेल्यांचा नारिंगी. ज्यांना शिकूच दिले नाही, त्यांची अडाणीपणाची खूण लांबून दिसावी म्हणून! टीका झाली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला निर्णय मागे घ्यावा लागला. पासपोर्टचा रंग डोळ्यांना दिसत होता, म्हणून लढता आले. सॉफ्टवेअरमधला रंग कोणाला दिसणार?

चूक झाली तर?

माहेर अरार हा सीरियात जन्मलेला कॅनडाचा नागरिक. सप्टेंबर २००२ मध्ये घरी परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याला पकडले. कॅनडाच्या पोलिसांनी त्याच्याविषयी चुकीची माहिती अमेरिकेला दिली होती. अमेरिकेने त्याला सीरियाच्या हवाली केले. तिथे जवळपास वर्षभर कोठडी आणि छळ. पुढे कॅनडाच्या चौकशी आयोगाने त्याला निर्दोष ठरवले. २००७ मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली आणि एक कोटी पाच लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई दिली. अमेरिकेच्या न्यायालयांनी मात्र त्याचा दावा चालूच दिला नाही. माहिती दोन देशांनी वाटून घेतली. जबाबदारी घ्यायला एकच देश पुढे आला, तोही माणूस मोडून पडल्यावर.

राहिना इब्राहिम ही मलेशियाची विद्यार्थिनी, स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करणारी. जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर ती व्हीलचेअरवर असताना तिला बेड्या ठोकल्या. कारण काय? एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने फॉर्मवर चुकीच्या चौकोनात खूण केली होती. हे कबूल होऊन निकाल लागायला २०१४ साल उजाडले. एका चुकीच्या खुणेसाठी नऊ वर्षे. तिच्यामागे विनामोबदला लढणारे वकील होते. हीच खूण अमरावतीच्या किंवा नांदेडच्या मुलीच्या नावापुढे पडली तर ती कोणत्या न्यायालयात जाणार?

हे अपवाद आहेत असे कोणी म्हणेल. युरोपीय न्यायालयाने २१ जून २०२२ रोजी प्रवासी नोंदींवरच्या खटल्यात निकाल दिला. त्यात युरोपीय आयोगाचीच आकडेवारी आली आहे: २०१८ आणि २०१९ मध्ये यंत्राने निवडलेल्या माणसांपैकी सहातले किमान पाच जण प्रत्यक्ष तपासणीत चुकीने निवडलेले निघाले. त्याच न्यायालयाने स्वतःहून शिकणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला या कामात मज्जाव केला, कारण शेरा का पडला हे मग कोणालाच सांगता येत नाही. युरोपच्या नागरिकाला हे संरक्षण मिळाले. ज्यांना फुकट सॉफ्टवेअर मिळाले, त्यांना ते मिळाले का?

आता एक तारीख लक्षात ठेवा. २४ फेब्रुवारी २०१६. ज्या महिन्यात प्रतिनिधीगृहाने छाननीचे तंत्र जगाला वाटण्याचे विधेयक मंजूर केले, त्याच महिन्यात अमेरिकेत ‘ज्युडिशियल रिड्रेस ॲक्ट’वर सही झाली. अमेरिकी सरकारने माहितीचा गैरवापर केला तर निवडक मित्रदेशांच्या नागरिकांना अमेरिकी न्यायालयात दाद मागता यावी, असा हा कायदा. तो लाभ युरोपीय देशांना मिळाला, भारताला नाही. एका हाताने जाळे जगभर पसरले आणि दुसऱ्या हाताने सोडवणुकीची किल्ली फक्त गोऱ्या शेजाऱ्यांना दिली. वर्णव्यवस्था म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?

‘पण दहशतवाद खरा आहे ना?’

खरा आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसे मेली. सीएसएमटीच्या फलाटावर मेले ते आपलेच कष्टकरी, गाडीची वाट पाहणारे. म्हणून हा प्रश्न आम्ही टाळत नाही, त्याचे उत्तर मुंबईच्याच उदाहरणाने देतो.

त्या हल्ल्याची रेकी कोणी केली? डेव्हिड हेडली या अमेरिकी नागरिकाने. २००६ मध्ये त्याने दाऊद गिलानी हे नाव बदलून ख्रिस्ती वाटणारे नाव घेतले आणि हल्ल्याआधी पाच वेळा मुंबईत येऊन राहिला. ताज पाहिले, फलाट पाहिले, किनारा पाहिला. अमेरिकी पासपोर्ट, इंग्रजी उच्चार, गोरा रंग. तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या राहिलेला होता. त्याच्या जवळच्या माणसांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना सावधही केले होते. तरी तो बिनबोभाट येत-जात राहिला. कारण छाननी करणाऱ्याच्या डोळ्यात धोक्याचे जे चित्र होते, त्यात हेडली बसत नव्हता. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, शाहरुख खानला नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवून ठेवले. आपल्या नावामुळे हे घडले, असे तो म्हणाला. नाव बदललेला सुटला आणि नाव न बदललेला अडकला! ही सुरक्षा आहे की पूर्वग्रहाला दिलेला सरकारी पोशाख?

ठोस माहिती असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर त्या माणसाला जरूर अडवा. त्याला आमचा विरोध नाही. पण लाखो निरपराधांना चाळणीत घालून गुन्हेगार सापडेल ही आशा म्हणजे चोर सापडत नाही म्हणून सगळा वाडा झोडपण्याचा जुनाच प्रकार.

आणि दिलेले यंत्र कोणाच्या हाती जाईल याची हमी तरी कोण देतो? अफगाणिस्तानात अमेरिकेने लोकांचे डोळे, बोटे, चेहरे नोंदवणारी यंत्रे वापरली. ऑगस्ट २०२१ मध्ये सैन्य निघून गेले आणि त्यांतली काही यंत्रे तालिबानच्या हाती पडली. देणारा निघून जातो. नोंदलेला माणूस तिथेच राहतो.

दिल्लीत काय शिजते आहे?

२ जून २०१६ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात संशयितांच्या याद्यांची माहिती एकमेकांना देण्याची व्यवस्था करणारा करार झाला. संसदेत त्यावर चर्चा झाली नाही. २०१७ मध्ये वित्त कायद्याच्या पोटातून सीमाशुल्क कायद्यात दुरुस्ती केली गेली. तिच्या आधारे ८ ऑगस्ट २०२२ रोजी प्रवासी नोंदींचे नियम आले: आंतरराष्ट्रीय विमान सुटण्याच्या चोवीस तास आधी कंपनीने प्रवाशांची माहिती सरकारला द्यायची, ती पाच वर्षे ठेवायची, परदेशी सरकारांनाही देता येईल. नियमांत वंश, धर्म वगैरे उघड करणारी प्रक्रिया करू नये असे लिहिले आहे. लिहिलेले असणे आणि पाळले जाणे यांतले अंतर मोजायचे असेल तर अस्पृश्यता संपवणारे संविधानाचे सतरावे कलम वाचा आणि मग गावात जा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा नागरिकाचे रक्षण करील म्हणावे, तर त्याच्या सतराव्या कलमात सरकारला हव्या त्या यंत्रणेला सूट देण्याचा अधिकार आहे. माहिती अधिकारात विचारावे, तर गुप्तचर विभाग त्या कायद्याच्या कक्षेबाहेर. म्हणजे तुमच्या नावापुढे काय लिहिले, कोणी लिहिले, कोणत्या देशाला दिले, हे विचारण्याची सोयच नाही.

हे अधिकार कोणावर वापरले जातात हेही पाहा. ११ जानेवारी २०१५ रोजी प्रिया पिल्लई या ग्रीनपीसच्या कार्यकर्तीला दिल्ली विमानतळावर अडवले. त्या लंडनला ब्रिटिश खासदारांपुढे सिंगरौलीच्या महान जंगलातल्या आदिवासींचे म्हणणे मांडायला चालल्या होत्या. ना बंदूक, ना बॉम्ब. हाती होती आदिवासींची बाजू. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारची ही कृती बेकायदा ठरवली. त्यांना न्याय मिळाला, कारण आदेश भारतात निघाला होता आणि न्यायालयही भारतात होते. उद्या असा शेरा मारून नाव परदेशी यादीत ढकलले, तर आपले उच्च न्यायालय वॉशिंग्टनला काय आदेश देणार? सरकारला नको असलेल्या माणसाचा काटा दुसऱ्याच्या हाताने काढण्याची ही सोय आहे.

१९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि बाजू ऐकल्याशिवाय तो हिरावता येत नाही. यंत्र बाजू ऐकत नाही. ते फक्त शेरा दाखवते आणि काउंटरवरचा माणूस ‘सिस्टीममध्ये येत आहे’ म्हणून हात झटकतो.

सवर्णांची वेगळी रांग

या प्रश्नावर देशातला सुखवस्तू वर्ग गप्प का? कारण त्याने आपल्यापुरती वाट काढली आहे. २०१७ मध्ये भारतीयांना अमेरिकेच्या ‘ग्लोबल एंट्री’ योजनेत प्रवेश मिळाला. जून २०२४ मध्ये आपल्याकडेही ‘विश्वासू प्रवाशां’साठी वेगळी झटपट रांग सुरू झाली. पैसे आणि कागद असलेल्याने आधीच स्वतःला तपासून घ्यायचे आणि मग रांगेतल्या मजुराकडे न पाहता पुढे निघून जायचे.

ही वृत्ती शंभर वर्षे जुनी आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा अमेरिकी नागरिकत्वाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद काय होता? हा उच्चजातीय हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून गोऱ्यांत मोडतो. वर्णभेदाची भिंत पाडा, असे म्हटले नाही. आम्हाला भिंतीच्या आत घ्या, एवढेच मागितले. न्यायालयाने तेही दिले नाही. आजचा अनिवासी भारतीय उच्चवर्ग याच वाटेने चालतो आहे. आंबेडकरी माणसाने त्या रांगेत उभे राहून धन्यता मानू नये. काही जणांना आत घेऊन टिकणारी वेस आपल्याला पाडायची आहे.

चळवळीने का लक्ष घालायचे?

आमच्याच काही कार्यकर्त्यांचा प्रश्न असतो: गावात अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही विमानतळाच्या गोष्टी काय सांगता? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की आपली पोरे आता त्या विमानतळांवर उभी आहेत. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर दरवर्षी अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना परदेशी जाता येते, केंद्राच्या योजनेत १२५ जागा आहेत. २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास, समाज या विषयांवर परदेशात शिकायला त्या योजनेतून पैसे देणे बंद केले. जातीवर परदेशात संशोधन नको, हा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे एक चाळणी दिल्लीत लागली. दुसरी अमेरिकी दूतावासात: २०१९ पासून व्हिसाच्या अर्जात समाजमाध्यमांवरची खाती सांगावी लागतात आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांनी ती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावीत असा दंडक आहे. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले आणि जातीवर निबंध वाचू शकले. आजच्या मुलाने सहा डिसेंबरला काय लिहिले, मोर्चात कोणती घोषणा दिली, हे आधी तपासून मग त्याला दार उघडायचे की नाही हे ठरणार असेल, तर हा आपला प्रश्न नाही तर कोणाचा?

आमच्या मागण्या

एक, परदेशी सरकारांबरोबर प्रवाशांच्या माहितीचे आणि छाननी तंत्राचे जे करार झाले आहेत, ते संसदेपुढे मांडा. यापुढे संसदेच्या मंजुरीशिवाय असा करार नको.

दोन, ज्याचे नाव संशयितांच्या यादीत आहे आणि त्यामुळे ज्याला अडवले, त्याला लेखी कारण द्या आणि ठरावीक मुदतीत न्यायिक अधिकाऱ्यापुढे बाजू मांडण्याची संधी द्या. ज्या देशाचा कायदा भारतीयाला तिथे दाद मागू देत नाही, त्या देशाला भारतीयाची माहिती देऊ नका.

तीन, यंत्राच्या अंदाजावरून माणसाला अडवणे बंद करा. किती जणांना अडवले, किती निर्दोष निघाले, हे दरवर्षी जाहीर करा. त्यात अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त आणि धार्मिक अल्पसंख्याक किती होते, हेही कळू द्या.

चार, माहिती संरक्षण कायद्याच्या सतराव्या कलमातली सरसकट सूट काढून टाका.

आणि आपण काय करायचे? परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने, कामगाराने अडवणूक झाली तर तारीख, वेळ, अधिकाऱ्याने विचारलेले प्रश्न लगेच लिहून ठेवावेत. आपल्या वकिलांनी अशा प्रकरणांची एकत्र नोंद ठेवावी. एकट्याची तक्रार ‘चुकून झाले’ म्हणून फेकून देता येते. पन्नास तक्रारी एकत्र आल्या की त्यांतली जात दिसायला लागते. माहिती अधिकाराचे अर्ज टाका. नकार आला तर तो नकारही जपून ठेवा. न्यायालयात तोच उपयोगी पडतो. आपल्या आमदार-खासदारांना या विषयावर प्रश्न विचारायला लावा. जयंतीच्या व्याख्यानमालेत एक व्याख्यान यावर ठेवा.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक आणले, तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणाले, वतन गेले तर मान जाईल, भाकरी जाईल. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ती भाकरी नव्हे, गळ्यातली साखळी आहे. त्या वतनांचा शेवट करायला १९५८ चा कायदा यावा लागला. इतक्या वर्षांच्या लढाईनंतर आपण वेशीवरची काठी खाली ठेवली आहे. ती आता दिल्लीच्या हातात देऊन साऱ्या देशाला कोणाचा तरी वेसकर करू पाहणाऱ्यांना आमचे एकच सांगणे आहे: हे वतन आम्हाला नको.

जय भीम! जय संविधान!